बाँडपेपरचं पडेगाव, फ्लॅटचं पडेगाव

नगर नाका मागे पडला, छावणीची हद्द संपली, की पूर्वी औरंगाबाद शहर संपायचं. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना लिंबाची झाडं, शेळ्या-मेंढ्यांचं सरकारी प्रक्षेत्र, ज्वारी-बाजरीची रानं आणि मधेच पडेगावची वस्ती. दौलताबादची सीताफळं आणि पेरू पाट्यांत भरून शहराकडे निघालेल्या बायका काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या असायच्या. वेरूळला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या न थांबता पुढे जायच्या. गुरुवारी छावणीचा बाजार असला, की पहाटेपासून जनावरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या आणि घड्याळ न बघता वार कळायचा.

८ डिसेंबर १९८२ ला औरंगाबादची महापालिका झाली आणि आसपासची १८ खेडी शहरात आली. पडेगाव त्यांतलंच एक. त्या दिवसापासून आम्ही कागदावर शहरी झालो. रस्त्यावरचा दिवा, नळ आणि गटार यायला मात्र पुढे कित्येक वर्षं गेली. महापालिकेची पहिली निवडणूकच मुळी १९८८ ला झाली. मधल्या काळात पडेगावात माणसं येतच होती. वाळूजची एमआयडीसी उभी राहत होती, १९८५ ला बजाजचा कारखाना सुरू झाला होता. कन्नड, खुलताबाद, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांतली पोरं कामाला यायची. ज्या रस्त्यानं शहरात आलो, त्याच रस्त्याच्या कडेला घर करावं, म्हणजे सणावाराला गावाकडे निघायला सोपं पडतं, असा त्यांचा साधा हिशेब असायचा. माझे वडील त्यांच्यातलेच.

वडिलांनी जो प्लॉट घेतला, तो वीस-तीसचा. वीस फूट रुंद, तीस फूट लांब, सहाशे चौरस फुटांचा तुकडा. शेतमालकानं रानात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. व्यवहार शंभराच्या बाँडपेपरवर. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, पैसे हप्त्यानं. सातबारा शेतमालकाच्याच नावावर. खरेदीखत नाही, लेआउटला मंजुरी नाही, बँकेचं कर्ज मिळण्याचा प्रश्नच नाही. ज्याला आज आपण गुंठेवारी म्हणतो, ती अशीच सुरू झाली. पडेगावात, मिटमिट्याला, भावसिंगपुऱ्याच्या बाजूला, सगळीकडे.

त्या वेळच्या शेजारधर्माबद्दल आपण फार गहिवरून बोलतो. तो शेजारधर्म कशावर उभा होता, हे पाहिलं पाहिजे. तो बाँडपेपर कोर्टात कितपत टिकेल, याची कोणालाच खात्री नव्हती. तुमचं घर तुमचं आहे, हे सांगायला रजिस्टर कार्यालय येणार नव्हतं, शेजारीच येणार होता. प्लॉटची खूण हलली, शेतमालकाच्या भावकीत वाद पेटला, कोणी दुसराच कागद घेऊन दारात उभा राहिला, तर साक्ष द्यायला गल्लीतली माणसंच असायची. त्यामुळे कोणाशी फार काळ वैर धरणं परवडत नसे. आमच्या डाव्या हाताला एसटीत ड्रायव्हर असलेले काका होते, उजव्या हाताला छावणीत शिवणकाम करणारे मामू. या दोघांना आमच्या घराचा पाया कोणत्या वर्षी भरला, ते तोंडपाठ होतं. आमचा खरा मालकीहक्क त्यांच्या आठवणीत होता.

दुसरा धागा पाण्याचा. गल्लीत एकच हापसा. उन्हाळ्यात त्याचा दांडा मारून मारून हात भरून यायचे आणि पाणी गंजाच्या रंगाचं यायचं. मग टँकर. टँकरचा हॉर्न ऐकू आला, की पोळपाटावर पोळी तशीच टाकून बायका धावायच्या. पण त्या गर्दीलाही कायदा होता आणि तो बायकांनीच केलेला होता. एका घराला किती हंडे, बाळंतिणीच्या घराला किती जास्त, कोणाकडे मयत झाली तर त्या दिवशी पाण्याचं कोण बघणार, हे सगळं ठरलेलं. मामूंच्या घरची भाभी या कारभाराची प्रमुख. तिनं आवाज टाकला, की नळी पुढे सरकायची. महापालिकेवर हंडा मोर्चा नेला, तेव्हा पुढे तीच होती. अर्जाखाली सह्यांपेक्षा अंगठे जास्त होते, आणि तो अर्ज घेऊन गेलेल्या माणसांना गल्लीतल्या प्रत्येक घराची माणसं मोजता येत होती.

मुरमाचा ट्रक वर्गणीतून यायचा. पावसाळ्यापूर्वी रविवारी सगळे फावडी घेऊन रस्त्यावर. विजेचा खांब आमच्या बोळाच्या तोंडापर्यंत यावा म्हणून वडीलधाऱ्यांनी खेटे घातले. गणपतीची वर्गणी मामूंकडे जमा व्हायची, कारण त्यांचा हिशेब चोख. ईदला शिरखुर्म्याचे डबे निघायचे, १४ एप्रिलला निळे झेंडे लागायचे आणि मिरवणुकीला जाताना लहान पोरांना कोणाच्या खांद्यावर बसवायचं, हे घर पाहून ठरत नसे.

आणि भद्रा मारुतीची रात्र. हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळपासून शहरातली माणसं पायी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघतात. वीस-पंचवीस किलोमीटरची वाट, आणि ती पडेगावातूनच जाते. श्रावणातल्या शनिवारीही तसंच. ज्या रस्त्यावर एरवी आठ वाजता सामसूम व्हायची, त्यावर रात्रभर माणसांचा पूर. आमच्या वस्तीला स्वतःला पाण्याची मारामार, पण त्या रात्री रस्त्याच्या कडेला रांजण भरून ठेवलेले असायचे. आठवडाभर घराघरांतून एकेक कळशी वाचवून ते भरले जायचे. चहाची पातेली चुलीवर चढायची, साबुदाण्याच्या खिचडीचे द्रोण वाटले जायचे. पाय सुजलेल्या अनोळखी म्हाताऱ्यांना ओट्यावर बसवून तेल लावणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्यांच्या नावावर सातबाऱ्याची ओळ नव्हती, त्यांनी हा रस्ता आपला मानला होता.

तो काळ मला फार प्रिय आहे, म्हणूनच त्यातलं अपुरेपण लपवावंसं वाटत नाही. रांग बायका चालवायच्या, पण बैठक पुरुषांची असायची. आईचं नाव घराच्या एकाही कागदावर नव्हतं. भाडेकरूला वर्गणी मागितली जायची, मत विचारलं जात नसे. कोणत्या बोळात कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची घरं, हे बऱ्याचदा प्लॉट विकतानाच ठरून जायचं. सांडपाणी घराशेजारीच मुरायचं आणि पावसाळ्यात हापशाच्या पाण्याला वास यायचा. अंगणात खेळणारी किती मुलं जुलाबानं आजारी पडायची, हे त्या अंगणाच्या आठवणी काढताना विसरता कामा नये.

मग काळ पालटला. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, २०२१ मधल्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याची वाट उघडली. बाँडपेपरवाल्यांना पहिल्यांदा वाटलं, की घर आता मुलांच्या हाती निर्धास्त देता येईल. डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग सुरू झाला, त्याचं माळीवाड्याचं प्रवेशद्वार आमच्याकडून जवळ. गावाबाहेरचा समजला जाणारा हा भाग एकाएकी मोक्याचा झाला. ज्वारीच्या रानात पार्किंगवर चार-पाच मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. गेटवर वॉचमन, लिफ्ट, सीसीटीव्ही, टू-बीएचके. २०२५ च्या पावसाळ्यात रस्ता रुंद करण्यासाठी पडेगाव-मिटमिट्याच्या कडेची बांधकामं पाडली गेली. दुकानं, ओटे, टपऱ्या जाऊन रस्त्याची कड मोकळी झाली. जिथं रांजण ठेवत असू ती जागा आता नुसती खुणेनंच दाखवता येते.

आता मीही पडेगावातच फ्लॅटमध्ये राहतो, आणि आजच्या घरखरेदीत जे मिळालं ते मला मोठं वाटतं. १ मे २०१७ पासून महारेरा आहे. बिल्डरनं नोंदवलेला प्रकल्प, मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख घरबसल्या पाहता येते. खरेदीखताची नोंदणी होते, इंडेक्स टू हातात पडतो, बँक कर्ज देते. २०२१ पासून स्त्रीच्या नावावर घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. माझ्या बहिणीचा फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर आहे. दारावरच्या पाटीवर तिचं नाव पाहिलं, तेव्हा आईचे डोळे भरून आले होते. कोणाच्या साक्षीवर अवलंबून नसलेली मालकी काय असते, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

पण या पक्क्या कागदानं आणखी एक गोष्ट दिली आहे, आणि तिच्याकडे आपलं फारसं लक्ष नाही. महाराष्ट्रात १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे. आपल्या शहरात पुष्कळ इमारती त्याच कायद्याखाली नोंदवल्या जातात. त्यात फ्लॅटच्या चार भिंतींबरोबर जमीन, जिना, गच्ची, पाण्याची टाकी, बोअर, पार्किंगमधली मोकळी जागा या सगळ्यांत तुमचा अविभक्त हिस्सा असतो. इमारतीच्या घोषणापत्रात, म्हणजे डिक्लरेशन डीडमध्ये, तो टक्केवारीत लिहिलेला असतो. फ्लॅटपासून तो वेगळा काढता येत नाही. फ्लॅट विकला, की तोही जातो, मग खरेदीखतात त्याचा उल्लेख असो वा नसो. मताचं वजनही त्या टक्केवारीवर ठरतं. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली सोसायटी केली, तर जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होते, सभासदाला भागप्रमाणपत्र मिळतं आणि फ्लॅट लहान असो की मोठा, एका सभासदाला एकच मत.

सोसायटीची ही कल्पना जुनीच आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, ती देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मध्यमवर्गीयांनी एकत्र येऊन निवारा मिळवला होता. एकट्याला न झेपणारं घर सगळ्यांनी मिळून उभं करायचं, हा त्यामागचा विचार. शंभराहून जास्त वर्षांनी तो विचार कायद्याच्या रूपानं पडेगावच्या ज्वारीच्या रानात पोचला आहे. आमच्या वडिलांना मुरमाच्या रस्त्यावर कोणताही हक्क नव्हता, तरी त्यांनी तो रस्ता केला. आम्हांला जिन्यापासून गच्चीपर्यंत कायद्यानं हक्क आहे, आणि जिन्यातला बल्ब गेला तर आम्ही ग्रुपवर फोटो टाकून थांबतो.

वार्षिक सभेचंच पाहा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ती दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, चौदा दिवस आधी नोटीस निघायला हवी. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. गणपूर्ती झाली नाही, तर सभा अर्धा तास थांबून तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन राहत नाही. नोटिशीच्या तळाशी हे छापलेलंच असतं. म्हणून पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, अर्ध्याहून जास्त रिकाम्या राहतात, आणि तहकूब सभेत पाच-सहा जण सगळ्यांच्या वतीनं वर्षाचा निर्णय घेतात. ते बहुधा निवृत्त झालेले असतात. लिफ्टच्या कंपनीशी तेच बोलतात, टँकरवाल्याचे पैसे तेच देतात, आणि हिशेबात शंभर रुपयांचा फरक निघाला, की शिव्याही तेच खातात. पुढच्या वर्षी सचिव व्हायला कोणी तयार होत नाही.

याची किंमत नंतर कळते. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्तीसाठी बाजूला काढावी, असं उपविधी सांगतात. मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून अनेक इमारती ती काढतच नाहीत. दहा-बारा वर्षांनी गच्ची गळायला लागते, तेव्हा वरच्या मजल्यावरचे आणि खालचे एकमेकांशी भांडतात. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे ती बिल्डरकडून रहिवाशांकडे कायदेशीर सोपवणं, झालेलं नसतं आणि ते कोणी मागितलेलंही नसतं. बिल्डर करून देत नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ पासून आहे. पण त्यासाठी माणसं एकत्र यावी लागतात, कागद गोळा करावे लागतात, खेटे घालावे लागतात. हंडा मोर्चावाल्यांना जे जमलं, ते पदवीधरांच्या इमारतीला जमत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

माणसं वाईट झाली, असं मात्र मला वाटत नाही. तेव्हा गरज सगळ्यांना एकाच वेळी, एकाच हापशाशी आणत होती. आता जायकवाडीचं पाणी काही दिवसांआड येतं, पण ते आधी इमारतीच्या टाकीत पडतं आणि मग घरातल्या नळातून येतं. पाणी कमी पडलं, तर टँकर येतो आणि त्याचं बिल मेंटेनन्समध्ये लागतं. टंचाई तीच आहे. १,६८० कोटींची नवी योजना २०१९ मध्ये मंजूर झाली आणि तिचा खर्च पुढे २,७४० कोटींपर्यंत गेला, एवढी ही टंचाई मोठी आहे. मात्र ती टंचाई आता घराघरात पैशांच्या रूपानं पोचते, आणि पैसे भरले, की आपलं काम संपलं असं वाटू लागतं. घराबाहेर एकमेकांना भेटण्याचं निमित्तच उरलेलं नाही.

निमित्त आलं, तेव्हा हीच माणसं उभी राहिली आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावचा कचरा डेपो बंद झाला आणि शहरभर कचऱ्याचे ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा टाकण्यावरून उद्रेक झाला, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. ते दिवस आठवले, की अजून अंगावर काटा येतो. पण त्याच दिवसांत ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शहर शिकलं, आणि पुढे पडेगावातच कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प उभा राहिला. शहराचा कचरा ज्यांच्या दारात येतो, त्यांना तो वेगळा करण्याचं मोल दुसऱ्या कोणापेक्षा जास्त कळतं. आमच्या इमारतीत तेव्हा दोन बायका घरोघर फिरल्या आणि महिन्याभरात दोन डबे प्रत्येक दारात आले. कोरोनात तर चार वर्षं नाव माहीत नसलेल्या शेजाऱ्यांनी एकमेकांच्या दाराशी डबे ठेवले, औषधं आणली. भद्रा मारुतीच्या रात्री आता काही सोसायट्या मिळून पाण्याच्या बाटल्या आणि चहा वाटतात. रांजण गेले, पण वाटसरूला पाणी द्यावं ही बुद्धी पडेगावातून गेलेली नाही.

माझं मागणं म्हणूनच साधं आहे. जुनं पडेगाव परत यावं, असं मी म्हणत नाही. बाँडपेपरची धाकधूक, गंजलेलं पाणी, कागदावर नसलेली आई, यांतलं काही परत यायला नको. तेव्हाची सवय मात्र आजच्या हक्काला जोडली गेली पाहिजे. आपल्या इमारतीचं घोषणापत्र किंवा उपविधी एकदा मागून वाचावेत. अभिहस्तांतरण झालं आहे का, हे विचारावं. गच्चीवरचं पाणी बोअरभोवती मुरवण्याचा खर्च एका टँकरच्या हंगामाशी ताडून पाहावा. समितीत स्त्रियांसाठी जागा राखीव असतात. तिथं नुसती सही करणाऱ्या नव्हे, कारभार बघणाऱ्या बायका असाव्यात. पाणी कसं वाटावं, हे या वस्तीनं त्यांच्याकडूनच शिकलेलं आहे. भाडेकरूला मताचा हक्क नसेल, पण गणपतीला, मुलांच्या खेळाला, पाण्याच्या चर्चेला त्याला बोलवायला कोणताही उपविधी आड येत नाही.

आणि कुंपणाबाहेरही पाहावं. आमच्या इमारतीच्या मागे अजून वीस-तीसचे प्लॉट आहेत. आमचं सांडपाणी त्यांच्या बोळातून जातं, त्यांच्या मुलांची शाळेची रिक्षा आमच्या गेटपुढून जाते, मुख्य जलवाहिनी दोघांची एकच. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० ला संपली, त्यानंतर कित्येक वर्षं वॉर्डाला नगरसेवक नव्हता आणि कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हा दिसून आलं, की एकट्या सोसायटीचा अर्ज टेबलावर पडून राहतो आणि चार इमारती, दोन बोळ मिळून गेले, की त्याची दखल घ्यावी लागते. पुढे या भागात आणखी इमारती येतील, आणखी अनोळखी माणसं येतील. ड्रायव्हर काका आणि मामूही एके काळी एकमेकांना अनोळखीच होते. एका हापशावर भेटून ते शेजारी झाले. आपण सभेत भेटू. यंदाच्या सप्टेंबरात नोटीस लागेल, त्या दिवशी वेळेवर खाली या, शेजारच्या दाराची बेल वाजवून त्यांनाही घेऊन या, आणि गणपूर्ती पहिल्या पाच मिनिटांत होऊ द्या.